कस्तुराबाईची हजेरी

वाशिमच्या आमच्या जिनात, कापसाच्या कारखान्यात, सकाळी सहाचा भोंगा झाला की फाटकात बायांची रांग लागायची आणि मी टेबलामागं बसून हजेरी घ्यायचो. एकशे बारा बाया होत्या. नाव पुकारायचं, 'हाव' आला की रेघ ओढायची, आणि बाई आत. दिवाळीपासून होळीपर्यंतचा हंगाम, असे सव्वीस हंगाम मी हे केलं. त्यातले तीन हंगाम मी एका मेलेल्या बाईची हजेरी लावली. चुकून नाही, डोळे उघडे ठेवून लावली. लोक मला आजही सरळमार्गी जगदेवबाबू म्हणतात, तेव्हा मला हसूही येतं आणि किळसही येते.

मानमोडीच्या साथीचं साल होतं. घरोघरी माणसं पटापट मेली, जाळायला लाकडं पुरेनात. किन्हीराजा गावचा जानराव आमच्या जिनात रुईच्या गाठी उचलायचा. त्याची बायको कस्तुराबाई सहा हंगाम रेच्यावर होती. रेचा म्हणजे सरकी वेगळी काढणारं यंत्र. त्याच्यासमोर बसून बाईनं दिवसभर मूठ मूठ कापूस आत सारायचा. कस्तुरा डावखुरी होती, आणि डाव्या हातानं ती दोन बायांएवढं काम उपसायची. दसऱ्याला ती साथीत गेली. मी तिच्या मातीला गेलो होतो.

दिवाळीनंतर जीन सुरू झाला, तेव्हा जानराव फाटकात उभा. मागं एक बाई, नाकापर्यंत पदर ओढलेली.

"जगदेवभाऊ, कस्तुराचा एकेचाळीस नंबर हाये ना अजून?"

"अरे, कस्तुरा गेली ना."

"कस्तुरा गेली. नंबर तं नाई गेला." त्यानं मुठीतला पितळी बिल्ला टेबलावर ठेवला. "पाट लावून आनली हिले. पैनगंगेच्या पल्याडची हाये. तिच्याच नावावर घ्या भाऊ. एकट्याच्या मजुरीत भागत नाई."

पैनगंगेच्या पल्याड म्हणजे मोगलाई, निजामाचा मुलूख. त्या वर्षी तिकडं पाऊस नव्हता, माणसं झुंडीनं इकडं येत होती. शेठचा हुकूम कडक होता: मोगलाईतलं माणूस रोग घेऊन येतं, त्याला फाटकाच्या आत घ्यायचं नाही, जुन्या यादीतल्या बायाच घ्यायच्या. नवं नाव लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी माझी अठरा रुपयांची नोकरी गेली असती.

मी त्या बाईकडं पाहिलं. अंगावर कस्तुराचं हिरवं लुगडं होतं, मी ओळखलं. गळ्यात काळ्या दोऱ्यात चांदीचा छोटा टाक होता, त्यावर बाईचा चेहरा उठवलेला. आमच्याकडं पहिली बायको मेली की दुसरीनं तिचा टाक गळ्यात घालायचा. मेलेल्या सवतीनं रागावू नये म्हणून.

मी बिल्ला परत दिला आणि म्हणालो, "जा आत." जानरावकडून एक पैसाही घेतला नाही. उलट घरी जाताना मला माझंच कौतुक वाटत होतं, आपण गरिबावर उपकार केला म्हणून. फक्त एक गोष्ट केली नाही. तिला तिचं नाव विचारलं नाही. लिहायचं तर नव्हतंच, मग विचारून करायचं काय!

दुसऱ्या दिवशी सकाळी नावं घेत घेत मी एकेचाळीसवर आलो.

"कस्तुराबाई जानराव!"

बायांना वाटलं, बाबूकडून चुकून जुनं नाव वाचलं गेलं. मग मागून हळूच आलं, "हाव." बेचाळीस नंबरच्या रंगूबाईच्या हातातली टोपली खाली पडली. ती सहा वर्षं कस्तुराच्या शेजारच्या रेच्यावर बसत होती.

दुपारच्या सुट्टीत रंगूबाई माझ्या टेबलाशी आली. तिचा चेहरा उतरला होता.

"भाऊ, थे कोन हाये?"

"जानरावची नवी बायको. तू तोंड बंद ठेव, बस."

"तोंड ठेवीन बंद. पन थे डाव्या हातानं कापूस टाकून राह्यली. कस्तुरावानी. तिले कोनं शिकवलं?"

माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. मी उठून शेडच्या दारातून पाहिलं. आत रुईचा धुरळा इतका, की दहा पावलांवरचं माणूस पुसट दिसायचं. त्या धुरळ्यात हिरवं लुगडं होतं आणि डावा हात वर-खाली होत होता. मी परत येऊन बसलो.

कारण पुढं तिनं स्वतःच रंगूबाईला सांगितलं. ती डावखुरी नव्हती. जानरावनं तिला आठ दिवस घरी डाव्या हातानं ज्वारी निवडायला लावली होती. उजव्या हातानं काम केलं तर मुकादमाच्या लक्षात येईल, असं त्याचं म्हणणं. बिचारीचा डावा हात संध्याकाळी इतका सुजायचा की तिला वेणी घालता यायची नाही. कारण कळलं, तरी माझी भीती गेली नाही. दिवसभराची रुई बसून सगळ्याच बायांचे केस, भुवया, पापण्या पांढऱ्या होत. संध्याकाळी त्या ओळीनं बाहेर पडायला लागल्या की एकेचाळीस नंबर कोण आहे, ही की ती, हे मी नीट पाहायचोच नाही. सकाळीही मान खाली घालून नाव घ्यायचो आणि मान खाली घालून रेघ ओढायचो.

जेवायच्या वेळी ती एकटी बसायची. भाकर सोडली की आधी गळ्यातला टाक हातावर घ्यायची, त्याच्यासमोर एक घास ठेवायची, "जेव बाई" म्हणायची आणि मग आपण खायची. बाकीच्या बाया लांब सरकून बसत. तिला कुणी हाक मारलीच तर 'कस्तुरे' म्हणून. घरातही जानराव तिला तेच म्हणायचा. रांगेत कुणी मागून 'कस्तुरे' म्हटलं की पहिल्या वर्षी ती वळायला जरा वेळ लावायची. दुसऱ्या वर्षी लगेच वळायला लागली.

शनिवारी वाटप. मी नाव घ्यायचो, ती पुढं यायची, आणि टेबलावर हात पसरायचा तो जानराव. तो वाईट माणूस नव्हता. दारू पीत नव्हता, बायकोवर हात उगारत नव्हता. पण भित्रा माणूस घरात काय करून ठेवतो, ते जानरावकडं पाहून समजलं. त्यानं मनाशी धरलं होतं की ही मजुरी कस्तुराची आहे. नाव तिचं, नंबर तिचा, मग पैसा तिचाच. त्यातून ज्वारी आणायची, मीठ-तेल आणायचं, कस्तुराच्या टाकाला दर अमावास्येला नारळ आणायचा. या बाईचं त्यात काहीच नव्हतं.

दुसऱ्या हंगामात एकदा तिनं चार आणे पदराच्या गाठीत बांधून ठेवले. त्याच आठवड्यात जानराव तापानं फणफणला. गाठ सापडली, आणि तो अंथरुणात उठून बसला. "तिचा पैसा चोरला तुनं, म्हून थे मले घेऊन चालली," असं म्हणत रडला. दुसऱ्या दिवशी त्या चार आण्यांचा खण आला आणि टाकाला नेसवला गेला. मग ताप उतरला. हिवतापच तो, उतरणारच होता. पण आता घरात कस्तुराची सत्ता पक्की झाली. हे मला रंगूबाईनं सांगितलं. रंगूबाईच तेवढी हळूहळू तिच्याजवळ बसायला लागली होती.

तिसऱ्या हंगामात, पौषातल्या एका दुपारी, ती माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. पदर डोक्यावर होता, पण या वेळी चेहरा दिसत होता. पंचवीस-सव्वीसची असेल. नाकावर देवीचे दोन व्रण होते. तीन वर्षांत मी तो चेहरा पहिल्यांदाच नीट पाहिला.

"भाऊ, एक काम हाये."

"बोल."

"मायं नाव लिवा."

"कुठं?"

"तुमच्या बुकात. मायी पोरगी हाये तिकडं, मोगलाईत, माया मायजवळ. पयल्या घरची. चार वर्साची होती, म्या इकडं आली तवा. आता सात लागलं. पाटाच्या वक्ती हे बोलले होते, तू कमावशीन तं पोरीले आनू. आता म्हनतात, कस्तुराच्या पैशानं दुसऱ्याची पोर पोसली तं थे घर बुडवन." तिनं टाकावर हात ठेवला, जणू त्याचे कान झाकले. "पैसा मायाच हाताचा हाये ना भाऊ? बुकात मायं नाव आलं तं त्यायले मानाच लागन. मंग पोरगी येईन."

मला तिचं म्हणणं कळलं. इतकं सरळ होतं की न कळायला मी मूर्ख असायला हवं होतं. त्या वर्षी शेठचा हुकूमही जरा सैल झाला होता. दोन बाया हंगामाच्या मध्यात सोडून गेल्या होत्या, त्यांच्या जागी मला नवी नावं घालताच येत होती. पण मग एकेचाळीस नंबर रिकामा का झाला, कस्तुरा कुठं गेली, कधी गेली, हे कुणीतरी विचारलं असतं. तीन हंगामांची खोटी हजेरी माझ्या हातची होती.

"पुढच्या हंगामात पाहू," मी म्हणालो.

"पुढच्या?"

"दिवाळीत. नक्की."

ती काहीतरी बोलणार होती. तेवढ्यात सुट्टी संपल्याचा भोंगा झाला आणि ती पळाली. नाव लिहा म्हणून बाई समोर उभी राहिली, आणि कोणतं नाव लिहू, एवढंसुद्धा मी तिला विचारलं नाही.

माघ लागला. एक दिवस भर दुपारी शेठ अकोल्याहून आले होते, माझ्या मागच्या खोलीत लोडाला टेकून बसले होते. फाटकावरचा इंद्रभान एका पोरीला घेऊन आला. पायात काही नाही, गुडघ्यापर्यंत धूळ, गळ्यात काळ्या दोऱ्यात एक कवडी.

"बाबू, तांड्यातल्या एका बाईनं फाटकावर सोडली हिले, अन् तांडा जउळक्याकडं गेला. मायले शोधून राह्यली."

"काय नाव मायचं?" मी पोरीला विचारलं.

"चतुरा. माजी माय इथं रुईच्या कारखान्यात हाय. आजी मेली. मरताना तिनं सांगितलं, वाशिमला जा, चतुरा नाव सांग."

"गाव कोणतं तुझं?"

"नदीच्या पल्याड. मोगलाईत."

मागून शेठचा आवाज आला, "कौन है रे, जगदेव?"

"कोई नहीं, शेठजी," मी म्हणालो.

मग मी हजेरीचं पुस्तक उघडलं. पोरीला दिसेल असं वळवून धरलं, जसं काही तिला वाचताच येत होतं. पहिल्या नावापासून एकशे बाराव्यापर्यंत बोट फिरवलं. चतुरा नव्हती.

"या नावाची बाई इथं नाही, बाई."

"परत पाहा ना तुमी," पोरगी म्हणाली.

मी परत पाहिलं. वरून खाली, सावकाश.

"नाही."

"मंग कुठं हाय?"

"स्टेशनाकडं मोगलाईची माणसं उतरलेली असतात. तिथं विचार."

तिनं मान हलवली आणि गेली. रडली नाही. जाताना फाटकाशी एकदा थांबून तिनं शेडकडं पाहिलं. आत चाळीस रेचे धडधडत होते, त्यात हाक ऐकू गेली नसती.

संध्याकाळी मी फाटकात रेंगाळलो. इंद्रभानला विचारलं, तो म्हणाला, केव्हाच गेली. उद्या येईल परत, असं मी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी रोज सकाळी 'कस्तुराबाई' पुकारत होतो आणि तिच्या 'हाव'वर रेघ ओढत होतो.

शनिवारी वाटपाच्या वेळी रांग लांबली होती, बाया कंटाळल्या होत्या. इंद्रभान वेळ घालवायला गप्पा हाणत उभा होता. बोलता बोलता म्हणाला, "यवढी मोठी दुनिया अन् एकटी लेकरू. परवा एक पोरगी आलती मोगलाईतून. मायले शोधत. कोनी चतुरा म्हने. अठी कायची चतुरा! गेली स्टेशनाकडं."

एकेचाळीस नंबर माझ्यासमोरच उभी होती. जानरावचा हात टेबलावर पसरलेला होता.

"कितीक मोठी होती?" तिनं विचारलं.

"असन सात-आठ वर्साची."

"गयात काय होतं तिच्या?"

"काया दोरा. कवडी होती एक."

ती इंद्रभानकडं पाहत नव्हती, माझ्याकडं पाहत होती. तिच्या ओठांवर रुई चिकटली होती, ती तिनं उजव्या हातानं पुसली.

"भाऊ," ती म्हणाली, "चतुरा मी हाव ना."

तिचं नाव मला असं कळलं. तीन हंगामांनंतर, वाटपाच्या रांगेत.

जानराव म्हणाला, "चाल घरी, कस्तुरे." तिनं ऐकलं नाही. गळ्यातला टाक डोक्यावरून काढून टेबलावर ठेवला. बिल्ला त्याच्या शेजारी ठेवला. जानराव मागं सरकला, टाकाला हात लावायची त्याला हिंमत होईना. ती फाटकातून बाहेर पडली तेव्हा चालत होती, वळणावर पळायला लागली.

मी मागोमाग स्टेशनवर गेलो. एवढं तरी केलं. पोर्टर म्हणाला, पोरगी दोन रात्री झाडाखाली होती, त्यानं तिला फुटाणे दिले, मग दिसली नाही. कुणी म्हणालं हिंगोलीच्या गाडीत बसली, कुणी म्हणालं तांड्याच्या मागं जउळक्याकडं गेली. चतुरा फलाटाच्या टोकाशी उभी होती आणि ओरडत होती, "चतुरा! चतुरा वं!"

लोक हसत होते. त्यांना वाटलं, ही कुण्या मैत्रिणीला बोलावते आहे. मला मात्र कळलं. पोरीनं आईला चार वर्षांची असताना पाहिलं होतं. तिला आईचा चेहरा आठवणार नव्हता. तिच्याजवळ आईचं फक्त नाव होतं. आई तेच नाव घेऊन ओरडत होती, की कुठं असेल तिथून ते ऐकून पोर येईल. रूळ धरून ती जउळक्याच्या दिशेनं चालायला लागली. आवाज बराच वेळ येत होता.

त्यानंतर दोघींचा पत्ता लागला नाही. मी माणसं पाठवली, तांडा गाठला. पोरीला फाटकावर सोडणाऱ्या चंदाबाईनं कपाळ बडवून घेतलं, पण पोर तिच्याकडं पोचली नव्हती. हिंगोलीला मी स्वतः दोनदा जाऊन आलो. जउळक्याजवळचे रुळावरचे मजूर मात्र त्या उन्हाळ्यात सांगायचे, की तिन्हीसांजेला एक बाई ओरडत जाते आणि दिसत नाही. जिनातल्या बाया म्हणाल्या, ती कस्तुरा, टाक गळ्यातून काढला म्हणून हिंडते. कस्तुरा बिचारी मेली होती आणि शांत होती. हे सगळं जिवंत माणसांनी केलं होतं.

मी सगळ्यांना सांगितलं, पोरगी आली तेव्हा माझ्या लक्षातच आलं नाही. लोकांना पटलं. त्या बाईचं नाव मला माहीतच नव्हतं, मग लक्षात येणार कसं? पण आता सांगतो. पोरीनं 'मोगलाई' म्हटलं तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं. बोट पुस्तकावर फिरत होतं आणि डोळे शेडच्या दाराकडं होते. वीस पावलांवर, धुरळ्यात पुसट का होईना, तो डावा हात वर-खाली होताना मला दिसत होता. नाव माहीत नाही, या आडोशाला मी लपलो. मागं शेठ बसले होते, आणि मला माझे अठरा रुपये प्यारे होते.

त्या शनिवारनंतरच्या सोमवारी सकाळी मी एकेचाळीस नंबरवरचं नाव खोडलं आणि तिथं नवं लिहिलं. शेठनं ते कधी वाचलंही नाही. वाचलं असतं तर काय झालं असतं, कोण जाणे. बाया रांगेत उभ्या होत्या. चाळीस झाला. मी उभा राहिलो, आणि फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत जाईल अशा आवाजात पुकारलं, "चतुराबाई!"

पुढचे सगळे हंगाम, नोकरी सुटेपर्यंत, मी रोज सकाळी ते नाव घेतलं. घेतलं की थांबायचो. बायांना सवय झाली, त्याही थांबायच्या. रस्त्यावरून एखादी पोर जात असेल, पुढं पुढं एखादी तरुण बाई जात असेल, तर तिनं ऐकावं म्हणून. कुणीच 'हाव' म्हटलं नाही. मग मी रंगूबाईचं नाव घ्यायचो.